एका दिवशींचे दोन जन्म

जून महिन्यांत नवीं मुलें शाळेंत दाखल होतात. त्यांचीं नांवें रजिस्टरांत लिहितांना आम्हांला पुष्कळदां एक गंमत आढळते. निरनिराळ्या गांवांहून आलेल्या दोन मुलांची जन्मतारीख एकच निघते. कांहीं वर्षांपूर्वीं असेंच एका मुलाचें व एका मुलीचें झालें. तीं दोघें त्या दिवसापासून स्वतःस जुळीं भावंडें समजूं लागलीं. पुढें त्या मुलानें एकदां आम्हांला विचारलें कीं, एका दिवशीं जन्मलेल्या माणसांचें नशीबहि एकच असतें काय? त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आम्ही येथें एक चरित्र सांगणार आहों, व त्याच्या शेजारीं दुसरें एक थोडक्यांत ठेवणार आहों.

ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं होल्स्टाइन प्रांतांतील कील या शहरीं, कायद्याच्या एका जर्मन प्राध्यापकाच्या घरीं, मुलगा जन्मला. त्याचें नांव माक्स प्लांक. त्याच दिवशीं पश्चिम घाटांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमांत, मुलगी जन्मली. तिचें नांव रमा. तीच पुढें पंडिता रमाबाई म्हणून प्रसिद्धीस आली.

प्लांकचे आजोबा व पणजोबा हे दोघेहि विद्यापीठांत प्राध्यापक होते. मुलानें शिकावें कीं नाहीं, असा प्रश्नच त्या घरांत नव्हता. रमेच्या घरीं मात्र हा प्रश्न तिच्या जन्माच्या पूर्वींच मोठी किंमत देऊन सोडविलेला होता. अनंतशास्त्र्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्याचें मनांत आणलें, तेव्हां भोंवतालच्या लोकांनीं त्यांस दोष दिला. शास्त्रीबोवांनीं ग्रंथाधारें आपलें म्हणणें मांडलें, परंतु हट्ट सोडला नाहीं, आणि ते अरण्यांत जाऊन राहिले. रमा शिकण्याच्या वयाची झाली तों ते वृद्ध झाले होते. म्हणून तिला शिकविलें तें आईनें. घरकामास हात घालण्यापूर्वीं, पहांटे मुलीस उठवून ती माउली तिच्याकडून पाठ म्हणवून घेत असे.

आश्रमांत विद्यार्थी व अतिथि यांची रीघ असे. त्या खर्चानें कर्ज झालें, आणि रमा अवघी सहा महिन्यांची असतां कुटुंबानें अरण्य सोडलें. त्या वेळीं तिला वेताच्या पेटींत घालून, ती पेटी एका माणसाच्या डोक्यावरून डोंगराखालीं आणिली. पुढें तीर्थक्षेत्रीं पुराणें सांगत हें कुटुंब वर्षानुवर्षें हिंडलें. इ. स. १८७४ पासून मद्रासकडे दुष्काळ पडला. त्यांत वडील, आई व थोरली बहीण थोड्याच काळाच्या अंतरानें वारलीं. रमा व तिचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें मागें राहिलीं, आणि पायीं चालत, अर्धपोटीं राहत, इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढच्याच वर्षीं, इ. स. १८७९ मध्यें, तिकडे प्लांक म्यूनिक विद्यापीठाचा डॉक्टर झाला.

यानंतर रमाबाईंवर एकामागून एक आघात झाले. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं जातीची मर्यादा ओलांडून विवाह केला. दोन वर्षें भरलीं नाहींत तोंच पति पटकीनें गेले. पदरीं मनोरमा नांवाची तान्ही मुलगी राहिली. इ. स. १८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, व सरकारी शिक्षण कमिशनापुढें स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर करावें अशी साक्ष दिली. १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या, आणि तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. १८८६ मध्यें डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास हजर राहण्याकरितां त्या अमेरिकेस गेल्या, व हिंदु विधवांची दुःस्थिति तेथील लोकांसमोर मांडून शाळेसाठीं मदत मिळविली.

ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. तें पुढील वर्षीं पुण्यास नेलें. (याच १८८९ सालीं प्लांक बर्लिन विद्यापीठांत शिकवूं लागला.) सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही पुढें धोंडो केशव कर्वे यांची सहधर्मचारिणी झाली. परंतु १८९३ मध्यें कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेंत बसूं लागल्या, म्हणून मोठा गहजब झाला, व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीति केवळ खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. आपला धर्म प्रत्येक घराला जिवापलीकडे प्रिय असतो. परंतु त्या वादांत मुलींच्या हातची पाटी गेली, ही हानि कोणाच्या हिशेबांत धरली गेली नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई स्वतः मध्य प्रांतांत गेल्या, आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळांत उपास काढलेल्या बाईंस त्या मुलींचें दुःख कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. पुण्याजवळ केडगांव येथें मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० मध्यें गुजराथेंतील दुष्काळपीडित मुलींचीहि त्यांत भर पडली. तेथें मुली लिहावयास-वाचावयास शिकत, विणकाम करीत, छापखाना चालवीत. त्याच १९०० सालच्या १४ डिसेंबरीं प्लांकनें बर्लिन येथें आपला सिद्धान्त मांडला कीं, ऊर्जा अखंड धारेप्रमाणें नव्हे, तर ठराविक लहान लहान वांट्यांनीं दिली-घेतली जाते. पदार्थविज्ञानांत आतां नवें कांहीं उरलें नाहीं, असें सांगून एका गुरूनें त्याला तरुणपणीं या विषयापासून परावृत्त करण्याचा यत्न केला होता. पुढें त्याच सिद्धान्ताबद्दल त्यास १९१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

उतारवयांत दोघांच्याहि वांट्यास अपत्यशोक आला. प्लांकचा एक मुलगा १९१६ मध्यें युद्धांत पडला, दोन मुली १९१७ व १९१९ मध्यें बाळंतपणांत गेल्या, आणि दुसऱ्या मुलास नात्सी राजवटीनें १९४५ मध्यें फांशीं दिलें. रमाबाईंची मनोरमा जुलै १९२१ मध्यें वारली. दोघांनींहि हातचें काम टाकलें नाहीं. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर तडीस नेलें, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेविला. प्लांक ४ ऑक्टोबर १९४७ रोजीं वारला.

तेव्हां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, जन्मदिवस कोणास कांहींच देत नाहीं. देतात तीं भोंवतालचीं माणसें. २३ एप्रिल १८५८ रोजीं या देशांत रमेसारख्या आणखी किती तरी मुली जन्मल्या असतील. त्यांच्यांत बुद्धि नव्हती असें कोण म्हणेल? त्यांस अनंतशास्त्री मिळाले नाहींत, आणि पहांटे उठविणारी लक्ष्मीबाई मिळाली नाहीं, एवढेंच.

आमच्या रजिस्टरांतील तीं जुळीं भावंडें आज एका वर्गांत नाहींत. मुलगा मॅट्रिकपर्यंत शिकून पुढें गेला. मुलीचें नांव नववींतच कमी झालें. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यांत 'घरगुती अडचण' असे दोन शब्द आहेत, आणि ते आम्हींच आमच्या हातानें लिहिले आहेत. तिच्या वडिलांची आम्हीं एकदां गांठ घेतली, दुसऱ्यांदां घेतली नाहीं, याची रुखरुख आम्हांला अद्याप आहे. हा अंक ज्या पालकांच्या हातीं पडेल, त्यांस आमची नम्र विनंति एवढीच कीं, मुलीचें नांव कमी करण्यापूर्वीं एकदां शाळेंत येऊन आम्हांस भेटावें.