मरणानंतरही ज्याला शिक्षा झाली : गार्सिया द ओर्ता

सोळाव्या शतकात अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात एका पोर्तुगीज वैद्याला मोठा मान होता. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. आम्हा पुणेकरांना नगर जवळचे, पण हा माणूस मात्र फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

ओर्ताचा जन्म पोर्तुगालमध्ये सुमारे १५०१ चा. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले गेले. अशा घरांकडे सत्ता कायम संशयाने पाही. वैद्यकी शिकून ओर्ता १५३४ साली गोव्यात आला आणि इथल्या हकीम-वैद्यांकडून औषधी समजून घेऊ लागला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. घारापुरी आणि साष्टीतल्या लेण्यांबद्दलही त्याने लिहून ठेवले आहे. ग्रीक ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्याचा विश्वास. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा औषधींवरील ग्रंथ पुढे युरोपभर वाचला गेला.

पण १५६० सालीच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय, सुरू झाले होते. इन्क्विझिटरचे काम काय? बाप्तिस्मा घेतलेला माणूस मनातून जुना धर्म पाळतो का, हे शोधणे. शेजारी, नोकर, नातेवाईक यांच्याकडून तक्रारी मागवल्या जात. आरोपीला साक्षीदारांची नावे कळत नसत. कबुलीसाठी छळ करता येई. मालमत्ता जप्त होई. देहदंड मात्र धर्मसभा स्वतः देत नसे. आरोपीला राजसत्तेच्या हवाली केले जाई आणि हात मोकळे राहत. नवख्रिस्ती झालेले इथले लोकही या जाळ्यात सापडले.

ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळले. चौकशीत घरच्यांच्या जबान्यांतून तोही गुप्तपणे ज्यू धर्म पाळत असल्याचे पुढे आले. मग १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

हे न्यायालय १७७४ ते १७७८ एवढा काळ बंद राहिले आणि कायमचे मिटले ते १८१२ साली. आज पणजीत ओर्ताच्या नावाची बाग आहे.

माणसाच्या मनात काय आहे याची झडती घेणारी सत्ता मेलेल्यालाही सोडत नाही. तथागतांनी स्वतःच्या अनुभवावर पारखून घ्यायला सांगितले. ती मोकळीक संविधानाने आपल्याला हक्क म्हणून दिली आहे. शेजाऱ्याच्या घरात, ताटात, देव्हाऱ्यात कुणी डोकावू लागले, तर आम्हाला ओर्ताची हाडे आठवायला हवीत.