बिअरच्या पिंपावर पाणी धरलं आणि सोडा सापडला, पण शोध लावणाऱ्याचं घर लोकांनी जाळून टाकलं

मे महिन्यात बीडच्या बसस्टँडवर भर दुपारी उतरलात की आधी घर आठवत नाही, आधी गोटी सोडा आठवतो. पारा चाळिशीच्या पुढे, घसा कोरडा. गाडीवाला बाटलीच्या तोंडावर हात दाबतो, गोटी टक्कन आत जाते, फस्स असा आवाज येतो, आणि लिंबू-मीठ पडलेला ग्लास हातात.

आता गंमत ऐका. हा सोडा पहिल्यांदा सापडला तो बिअरच्या कारखान्यात. आणि शोधणारा माणूस ना दारूवाला होता ना दुकानदार, तो चर्चमध्ये प्रवचन देणारा धर्मोपदेशक होता. नाव जोसेफ प्रिस्टली. शाळेत ऑक्सिजनच्या धड्यात हे नाव आपण सगळ्यांनी पाठ केलंय आणि परीक्षा झाली की विसरलोय.

प्रिस्टलीचा जन्म १७३३ चा, इंग्लंडच्या यॉर्कशर भागातला. बाप कापडाच्या धंद्यातला कारागीर. आई लहानपणीच गेली, मग पोराला आत्याने वाढवलं. त्यात तो बोलताना अडखळायचा. पण पोरगं अभ्यासाला वाघ होतं. लॅटिन, ग्रीक, हिब्रू तर शिकलंच, पुढे अरबीलाही हात घातला. अडचण एकच होती, घरचे लोक सरकारमान्य चर्च न मानणाऱ्या पंथातले. अशा लोकांना तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. मग त्याच पंथाच्या एका लहान संस्थेत शिकून तो धर्मोपदेशक झाला. तोंडातून शब्द नीट फुटत नाही आणि पोट प्रवचनावर, विचार करा.

१७६७ साली त्याला लीड्स शहरातल्या एका चर्चमध्ये काम मिळालं. तोवर विजेवर जाडजूड ग्रंथ लिहून आणि रॉयल सोसायटीचा सदस्य होऊन झालं होतं. लीड्समध्ये त्याला राहायला जे घर मिळालं त्याच्या शेजारी बिअरचा कारखाना. दुसरा कुणी असता तर वासाची तक्रार करून मोकळा झाला असता. हा रोज कारखान्यात जाऊन बसायला लागला.

तिथे काय चाललं होतं, ते आधी समजून घेऊ. सातूच्या गोड रसात यीस्ट पडलं की ते साखर खातं आणि दोन गोष्टी सोडतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हा वायू हवेपेक्षा जड. त्यामुळे उघड्या पिंपात आंबणाऱ्या रसाच्या वर त्याचा वीतभर थर साचून राहतो. प्रिस्टलीने त्यात पेटती काडी धरली, ती विझली. विझताना निघालेला धूर वर न जाता त्या थरातच पसरला. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने या वायूचा अभ्यास आधीच केला होता, पण इथे तो फुकट आणि पिंप भरभरून मिळत होता.

मग त्याने दोन भांडी घेतली, त्या थरात धरली आणि पाणी या भांड्यातून त्या भांड्यात, त्या भांड्यातून या भांड्यात ओतत राहिला. आपल्याकडे चहावाला चहा वरखाली करतो ना, तसंच. दोन-तीन मिनिटांत पाण्याला बारीक बुडबुडे आणि जिभेला चुरचुरणारी चव आली. झाला सोडा.

पुढे घर बदललं आणि शेजारचा कारखाना सुटला. आता वायू आणायचा कुठून? त्याने खडूच्या भुकटीवर सल्फ्युरिक आम्ल टाकून तो घरीच तयार केला, जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरला आणि तिथून पाण्याच्या उपड्या बाटलीत दाबला. १७७२ मध्ये हे सगळं कसं करायचं याची पुस्तिका छापून टाकली. कुणीही वाचावं, कुणीही करावं. हक्क राखून ठेवला नाही, कंपनी काढली नाही. त्या पिशवीमुळे पाण्याला मुताची चव येते अशी टीका एका डॉक्टरने केली. मग त्या डॉक्टरनेच काचेचं वेगळं उपकरण बनवलं.

प्रिस्टलीला वाटत होतं की हे पाणी खलाशांचा स्कर्व्ही बरा करेल. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीसाठी इंग्रज आरमाराने ही पद्धत सोबत दिलीसुद्धा. पण स्कर्व्ही होतो क जीवनसत्त्व कमी पडल्याने, सोड्यात ते कुठून येणार? बीडच्या लिंबू सोड्यातलं औषध लिंबात आहे, सोड्यात नाही. एवढा हुशार माणूस इथे साफ चुकला.

पैसे कमावले दुसऱ्याने. जिनिव्हातला याकोब श्वेप्प सोडा यंत्रावर तयार करून विकायला लागला आणि १७९२ मध्ये लंडनला आला. श्वेप्स हा ब्रँड आजही चालू आहे. आपल्याकडे मुंबईत १८८९ ला दिनशॉजी पांडोळ यांनी ड्यूक्स सुरू केली. पुढे गावोगावी सोड्याच्या गाड्या लागल्या, पण प्रिस्टलीला यातला छदामही मिळाला नाही.

त्याला तशी खंतही नसावी, कारण त्याचं लक्ष दुसऱ्याच हवेवर होतं. बंद भांड्यातली खराब झालेली हवा पुदिन्याची फांदी ठेवली की पुन्हा चांगली होते, हे त्याला दिसलं होतं. १ ऑगस्ट १७७४ ला त्याने भिंगातून ऊन एकवटून पाऱ्याची लाल भुकटी तापवली आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळली. तो ऑक्सिजन होता. स्वीडनच्या शेलेला तो आधी मिळाला होता, पण छापून आणलं प्रिस्टलीने आधी. पॅरिसला जाऊन त्याने हे लाव्हाझिएला सांगितलं, आणि लाव्हाझिएने त्यावर नवं रसायनशास्त्र उभं केलं. प्रिस्टली मात्र मरेपर्यंत फ्लॉजिस्टनच्या जुन्या सिद्धांताला चिकटून राहिला. स्वतःच सापडवलेली गोष्ट काय आहे, हे त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

१७८० मध्ये तो बर्मिंगहॅमला आला. तोंडाने अडखळणारा हा माणूस लिहिताना कुणाला ऐकत नसे. धर्मावर लिहिलं, राजकारणावर लिहिलं, फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतली. १४ जुलै १७९१ ला क्रांतीच्या वर्षदिनाची शहरात मेजवानी होती. प्रिस्टली तिला गेलाही नव्हता. तरी जमावाने त्याचं चर्च जाळलं आणि मोर्चा घराकडे वळवला. नवरा-बायको कसेबसे निसटले. घरातले दिवे आणि चुली आधीच विझवून ठेवले होते. आग सापडेना, तेव्हा लोकांनी त्याच्याच विजेच्या यंत्रातून ठिणगी पाडायचा प्रयत्न केला. शेवटी आग लागलीच. प्रयोगशाळा, पुस्तकं, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं, सगळं गेलं. घर पुन्हा बांधता येतं, टिपणं कुठून आणणार?

१७९४ मध्ये तो अमेरिकेला निघून गेला आणि पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थंबरलंड या छोट्या गावात राहिला. दोन वर्षांत आधी धाकटा मुलगा गेला, मग बायको. तरी तिथेही प्रयोगशाळा उभी केली. ६ फेब्रुवारी १८०४ ला तो वारला, त्या सकाळीही छपाईच्या दुरुस्त्या सांगत होता.

आता बाटलीकडे वळू, कारण पाण्यात वायू घालणं सोपं, तो आत कोंडून ठेवणं अवघड. परदेशात घरी बिअर करणाऱ्या नवख्या माणसाची फजिती इथेच होते. आंबवलेली बिअर बाटलीत भरताना लिटरमागे पाच-सात ग्रॅम साखर टाकतात. उरलेलं यीस्ट ती खातं आणि साधारण दोन आठवड्यांत बंद बाटलीतच फेस तयार होतो. साखर जास्त पडली किंवा आंबणं पुरतं संपायच्या आत बाटली बंद केली, की ती बॉम्बसारखी फुटते. (हे वाचून बादली शोधू नका. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे.)

त्यात उष्णता वैरी. नेहमीच्या दाबाला शून्य अंशावर लिटरभर पाण्यात साधारण ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो, २० अंशावर १.७ आणि ४० अंशावर जेमतेम एक ग्रॅम. म्हणून बीडच्या उन्हात ठेवलेली बाटली उघडली की सगळा जोर फसफसण्यात जातो आणि ग्लासात नुसतं पाणी उरतं. गाडीवाला बाटल्या बर्फात का पुरतो, ते आता कळलं असेल.

बूच लावलेल्या बाटलीतून हा वायू हळूहळू निसटायचा. बूच ओलं राहावं म्हणून काही काळ बाटल्या अंड्याच्या आकाराच्या केल्या, म्हणजे त्या उभ्याच राहणार नाहीत. मग १८७० च्या दशकात हायरम कॉड या इंग्रजाने गोटीची बाटली आणली. ती उलटी धरून भरतात. आतला वायू गोटीला तोंडाजवळच्या रबरी कड्यावर दाबून धरतो, म्हणजे सोडा स्वतःच स्वतःचं बूच लावतो. इंग्लंडमध्ये ही बाटली कधीच मागे पडली. तिथल्या पोरांनी गोट्यांसाठी इतक्या बाटल्या फोडल्या की जुन्या बाटल्या आता संग्राहक शोधत फिरतात. आपल्याकडे मात्र ती अजून रोज भरली जाते, आणि रिकामी झाली की गाडीवाला लगेच परत मागून घेतो.