कर्नल नायडू आणि सहा दिवसांचा सामना

कर्नल सी. के. नायडूंविषयी लिहिणारा प्रत्येक जण डिसेंबर १९२६ पासून सुरुवात करतो. मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या आणि त्यांत अकरा षटकार मारले. ही खेळी मोठीच, यात शंका नाही. पण ती काही तासांची होती. मला ज्या नायडूंचे कुतूहल वाटते ते तासांत मावत नाहीत. ते दिवसांत आणि वर्षांत मोजावे लागतात, आणि त्यांच्यासाठी इंदूरला जावे लागते.

जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा; घराणे तेलुगू. १९२३ साली होळकर दरबाराने त्यांना इंदूरला बोलावून सैन्यात हुद्दा दिला आणि तेव्हापासून ते इंदूरचेच झाले. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा पोरबंदरचे महाराज बाजूला झाले आणि नेतृत्व नायडूंकडे आले. कसोट्या त्यांच्या वाट्याला अवघ्या सात आल्या. शेवटची १९३६ ची, ओव्हलची. तीत ॲलनचा चेंडू अंगावर बसूनही त्यांनी ८१ धावा काढल्या. तेव्हा वय चाळीस. दुसरा कोणी असता तर बॅट खुंटीला टांगून नोकरी सांभाळत बसला असता.

पुढे होळकर संघ उभा राहिला. मुश्ताक अली, सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, जगदाळे आणि धाकटे बंधू सी. एस. नायडू. अमेरिकेत बेसबॉलचे दोन सामने एकाच दिवशी, एकाच तिकिटात दाखवण्याची रीत होती. सुट्टीच्या दिवशी लोक दुपारपासून संध्याकाळपर्यंत बसून राहत. आपल्याकडे त्याच्या उलट तऱ्हा : सामना एकच, पण तो संपेपर्यंत खेळायचा. मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई व होळकर यांच्यातला रणजी करंडकाचा अंतिम सामना असाच सहा दिवस चालला. मुंबईच्या ४६२ आणि ७६४, होळकरांच्या ३६० आणि ४९२. एकूण धावा २०७८. मर्चंटनी २७८ केल्या. लष्करी नोकरीमुळे महूच्या छावणीत आलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि २४९ वर नाबाद राहिला. जिंकायला ८६७ हव्या होत्या. होळकर ३७४ धावांनी हरले.

या सामन्यात धाकट्या नायडूंनी ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात एका गोलंदाजाने इतके चेंडू टाकल्याचे दुसरे उदाहरण नाही. अकरा बळी मिळाले, ४२८ धावा गेल्या. आणि कप्तान होता सख्खा थोरला भाऊ ! हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला रागच आला. शिस्त म्हणायची की हट्ट ? खेळाडूने दुखल्याचे तोंडावर दाखवू नये, अशी कर्नलसाहेबांची सक्त ताकीद असे म्हणतात. आजच्या व्यायामशास्त्राच्या प्राध्यापकांना हे विचारले तर ते कपाळावर हात मारतील. अजूनही माझे मन त्याला पूर्णपणे राजी होत नाही.

पण राग ओसरतो तो पुढची पाने चाळताना. जे दुसऱ्याकडून मागितले ते त्यांनी स्वतःला कधी माफ केले नाही. पुढच्याच हंगामात उपांत्य सामन्यात होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतके झाली आणि त्यांतले एक कर्नलांचे होते. (कन्नड विभागातील मित्रांनी क्षमा करावी, कर्नाटकाने १९७३-७४ साली करंडक जिंकून भरपाई करून घेतलीच आहे.) त्यानंतर बडोद्याविरुद्ध अंतिम सामना. वयाची पन्नाशी गाठलेल्या कप्तानाने त्यात २०० धावा काढल्या आणि होळकर ५६ धावांनी जिंकले. करंडक प्रथमच इंदूरला आला. १९५३ पर्यंतच्या नऊ हंगामांत त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचले आणि चार वेळा जिंकले. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात फडकरांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले असे सांगतात. तेव्हा वय छप्पन्न. ते खेळत राहिले.

१९५६ साली पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षीच्या हंगामात, एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामन्यांत उतरले. होळकर संघ तोवर इतिहासजमा झाला होता. संस्थान तर १९४८ सालीच मध्यभारतात विलीन झाले होते.

अगदी शेवटचा प्रथम दर्जाचा सामना ते १९६३-६४ च्या हंगामात जन्मगावी, नागपूरला, एका मदतनिधीसाठी खेळले. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर चार वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९६७ रोजी, इंदूरला त्यांचे निधन झाले.