ईश्वराच्या नावाचे झुडूप

कोकणात अंगणाच्या कुंपणाशी किंवा रानाच्या कडेला तांबड्या फुलांच्या घोसांनी डवरलेले एक झुडूप दिसते. कोणी त्याला पेंटगूळ म्हणतात, कोणी बकोरा. गोव्यात ते पिटकोळी. त्याची फुले देवाला वाहतात आणि मुले फुलाची बारीक नळी ओढून टोकाचा मधाचा थेंब चोखतात. शहरातल्या रोपवाटिकेत मात्र त्याच झुडपाला ‘एक्झोरा’ म्हणतात. नाव ऐकले की वाटते, हे कोणीतरी साहेबाने परदेशातून आणलेले असावे. खरे तर झुडूप इथलेच, दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या जंगलांतले. आणि नाव? तेही इथलेच. एक्झोरा म्हणजे आपला ‘ईश्वर’!

ईश्वराचा एक्झोरा कसा झाला, याची कहाणी शोधू गेले की गाठ पडते एका डच सेनानीशी. त्याचे नाव हेंड्रिक व्हान ऱ्हीड.

ऱ्हीडचा जन्म १६३६ सालचा, नेदरलँड्समधल्या एका जुन्या सरदार घराण्यातला. सात भावंडांत तो धाकटा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि चौदाव्या वर्षी त्याने घर सोडले. विशीत तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला, तोही साधा शिपाई म्हणून. विद्यापीठाची पायरी त्याने कधी चढली नाही. लॅटिन ही त्या काळची ज्ञानभाषा. तिच्यात ग्रंथ लिहिण्याइतकी गती त्याला नव्हती. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकले, त्या मोहिमेत तो होता. पुढे कोचीनच्या दरबाराशी त्याचे सख्य जमले आणि १६७० मध्ये तो मलबारच्या डच मुलखाचा प्रमुख झाला.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. ऱ्हीड काही संत नव्हता. कंपनीला हवी होती मिरी, आणि मिरीचा मक्ता राखण्यासाठी राजांशी तह करणे, वेळप्रसंगी तोफा डागणे, हेच त्याचे काम होते. पण मलबारच्या रानातून फिरताना या शिपायाचे डोळे दिपले. झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर बांडगूळ. रिकामी म्हणावी अशी जागाच नाही! शिवाय एक व्यवहारी प्रश्नही होता. युरोपातून जहाजाने येणारी औषधे महाग असत आणि पोचेपर्यंत जुनी होऊन जात. गावातले वैद्य मात्र परसातल्या पाल्याने माणसे बरी करत होते. तिसरे कारण राजकारणाचे. त्याचा एके काळचा वरिष्ठ व्हान गोएन्स याला सिलोन मोलाचे वाटे. ऱ्हीडला दाखवायचे होते की मलबारही तितकेच संपन्न आहे. त्यातून सुरू झाला ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे ‘मलबारचा बगिचा’ हा ग्रंथ.

हा उद्योग त्याने जसा उभा केला, त्याला तोड नाही. रानात जाणकार माणसे पाठवायची, फुलाफळांसह फांद्या आणवायच्या, चित्रकारांनी त्या ताज्या असतानाच रेखाटायच्या आणि त्या समोर ठेवून वैद्यांची चर्चा चालायची. मॅथ्यू नावाचा इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू सुरुवातीला मदतीला होता. लॅटिन मजकुराची जबाबदारी कॅसेरियस या धर्मोपदेशकावर होती. हा तरुणपणी स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा विद्यार्थी होता. पण ज्ञानाचा खरा झरा होता इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य. तो एळवा जातीचा, म्हणजे त्या काळच्या समाजाने खालचा मानलेला. त्याच्या घराण्यात वनस्पतींच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या.

आणि त्याच्या जोडीला होते तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातले हे लोक. त्यांच्याजवळ निघंटू होता आणि त्याच्याशी ते प्रत्येक वनस्पती ताडून पाहत. सकाळ-संध्याकाळ असे दोन वर्षे हे काम चालले. २० एप्रिल १६७५ रोजी त्यांनी आपली साक्ष लिहून दिली, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत. इकडे रायगडावर शिवरायांच्या राज्याभिषेकाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते! ही साक्ष आणि अच्युतनची साक्ष ऱ्हीडने पहिल्याच खंडात छापली. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांचा हा फार जुना नमुना. चित्रांवरही त्याने वनस्पतींची नावे रोमनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीत कोरून घेतली. ज्याचे ज्ञान त्याचे नाव, हा प्रामाणिकपणा त्या काळी दुर्मिळ होता. आजही तो फार सुलभ आहे असे नाही.

पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. तो वृक्षांचा. १६७९ च्या दुसऱ्या खंडात झुडपे आली आणि त्यांत आपले पेंटगूळ ‘शेत्ती’ या मल्याळी नावाने अवतरले. असे एकंदर बारा खंड, सुमारे सातशे चाळीस वनस्पती आणि जवळजवळ आठशे चित्रे!

या चित्रांचे मोल पुढे ओळखले लिनीअसने. हा स्वीडिश पंडित भारतात कधी आला नाही. पण ऱ्हीडच्या ग्रंथावर त्याचा विश्वास होता. १७५३ मध्ये त्याने वनस्पतींना दोन शब्दी नावे देणारा आपला ग्रंथ काढला, तेव्हा ‘शेत्ती’चे चित्र आधाराला घेऊन या झुडपाचे नामकरण केले. ज्या देवाला मलबारात ही फुले वाहतात त्याचे नाव त्याने प्रजातीला दिले. पोर्तुगीज लोक ‘श’चा उच्चार ‘एक्स’ या अक्षराने लिहीत. त्यामुळे कागदावरचा ‘इशोरा’ इतरांच्या तोंडी ‘इक्झोरा’ झाला.

नाव मिळाले, पण वर्गवारीत झुडपाची थोडी फरपटच झाली. लिनीअस फुलातले पुंकेसर मोजून वर्ग ठरवी. पेंटगुळाचे पुंकेसर चार, म्हणून ते चार केसरांच्या वर्गात गेले. तिथे शेजारी कोण, तर इसबगोलाची भावंडे! कॉफीच्या फुलात पुंकेसर पाच, म्हणून ती दुसऱ्या वर्गात. आता कॉफीची फांदी पेंटगुळाच्या फांदीशेजारी ठेवून पाहा. दोन्हींची पाने समोरासमोर जोडीने येतात, दोन देठांच्या मधोमध टोकदार इवलेसे उपपर्ण असते, फूल नळीसारखे, आणि पिकलेल्या लालसर फळात बहुधा दोनच बिया. हे साम्य ध्यानात घेऊन १७८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूस्यू याने दोघांना एकाच कुळात आणले. अलीकडच्या जनुकीय तपासणीनेही हे नाते पक्के केले. आज ‘इक्झोरा’ प्रजातीत पाचशेहून अधिक जाती मोजल्या जातात.

हे पाहायला ऱ्हीड कुठला असणार? १६७७ मध्ये त्याने मलबार सोडले. १६८४ मध्ये कंपनीने त्याला भ्रष्टाचार निपटण्यासाठी कमिशनर जनरल नेमले. आपल्याच माणसांच्या दप्तरांची झडती घेत तो केपपासून बंगालपर्यंत फिरला. १५ डिसेंबर १६९१ रोजी, कोचीनहून सुरतेला जाताना, मुंबईच्या किनाऱ्याजवळ जहाजावर त्याने प्राण सोडला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य घुमटी आजही उभी आहे. ग्रंथाचा बारावा खंड निघाला १६९३ मध्ये. तो त्याने पाहिला नाही.

पुढे केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे खर्चून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. तो २००३ मध्ये आणि त्यानंतर मल्याळम अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अच्युतनचे ज्ञान असे सव्वातीनशे वर्षांनी त्याच्या भाषेत परतले.

लिनीअसने ऱ्हीडच्या सन्मानार्थ एका अमेरिकी प्रजातीला ‘ऱ्हीडिया’ नाव दिले होते. वर्गीकरणाच्या फेरतपासणीत ती प्रजातीच मिटली आणि ‘गार्सिनिया’त, म्हणजे आपल्या कोकमाच्या प्रजातीत, विलीन झाली. म्हणजे प्रमाण नावांच्या यादीत त्या प्रजातीच्या रूपाने ऱ्हीड उरला नाही. पण ज्या वैद्यांची नावे तो सहज गाळू शकला असता, ती त्याने छापली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. तेव्हा पुढच्या वेळी देवपूजेसाठी पेंटगुळाचा घोस खुडताना ईश्वराबरोबर रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट आणि इट्टी अच्युतन यांचीही आठवण ठेवायला हरकत नाही. आणि हो, त्या डच शिपायाचीही.