दोन तारांचा मार्क सँडमन

तंबोऱ्यापलीकडे तारा जुळवण्याचं ज्ञान मला नव्हतं. चिरंजीवांनी बास गिटार घरी आणली तेव्हा कळलं, की तिच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. शेजारच्या दोन तारांत सा-म चं अंतर. मग एक दिवस बघते तर त्यानं दोन तारा काढूनच टाकलेल्या! मला वाटलं, मोडली. त्यानं मुकाट्यानं मॉर्फीन नावाच्या बँडची सीडी लावली.

त्या बँडचा मार्क सँडमन आमच्या बॉस्टनकडचाच. १९५२ साली न्यूटनमध्ये जन्मला. शिकला, पण नाकासमोरची नोकरी काही धरली नाही. टॅक्सी चालवली, बांधकामावर राबला, मासेमारीच्या बोटीवर गेला. टॅक्सीत लुटारूनं छातीत सुरासुद्धा खुपसला. त्यातून वाचला, पण त्याचे दोन भाऊ अकाली गेले.

१९८९ मध्ये केंब्रिजला मॉर्फीन सुरू झालं. जाडा, घोगरा बॅरिटोन सॅक्सोफोन, ड्रम आणि मार्कची बास. आधी तिला एकच तार होती (आपली एकतारीच की!), मग दुसरी आली, बहुधा पहिलीच्या पंचमात लावलेली. बोटात नळी घालून ती तारांवरून घसरवायची, म्हणजे पडद्यांची अडचण नाही, हवी तेवढी मींड. आणि गंमत अशी, की नळी दोन्ही तारांवर आडवी ठेवली की कुठेही सा-प एकदम वाजतात. नेहमीच्या जुळणीत हे होणार नाही, तिथे सा-म निघेल. त्या भरीव आवाजावर मार्क खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गायचा. १९९३ चा ‘क्युअर फॉर पेन’ ऐकून बघा, शक्यतो रात्री.

३ जुलै १९९९ रोजी इटलीत, रोमजवळच्या पॅलेस्ट्रिना गावी, कार्यक्रम चालू असतानाच तो रंगमंचावर कोसळला. हृदयविकार. वय अवघं ४६.

त्याच्या आईनं, गिटेलबाईंनी, पुढे पुस्तक लिहिलं. चार मुलं, त्यातली तीन गेलेली. पुस्तकाचं नाव ‘फोर मायनस थ्री’. ते नाव कळलं त्या संध्याकाळी तळघरात चिरंजीवांचं सा-प, सा-प चालूच होतं. एरवी आवाज कमी कर म्हणून मी जिन्यावरून ओरडते. त्या दिवशी नाही ओरडले.