अ‍ॅचेसन आणि पेंढ्याचं पाणी

लास्ट इयर प्रोजेक्टचा विषय मी मोठ्या हौसेने घेतला होता. तेलात कार्बन नॅनोट्यूब्ज मिसळून घर्षण कमी करायचं! सोमवारी तासभर ढवळलेलं तेल बुधवारी बघतो तर काय, सगळा काळा गाळ बाटलीच्या तळाशी. नॅनोट्यूब्ज एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. आमचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत तेलवाले होते, 1982 च्या संपापर्यंत. बाटली उजेडात धरून ते म्हणाले की जे तळाशी बसतं ते बेअरिंगला काय कामाचं?

रिव्ह्यूला दहा दिवस उरले होते. लायब्ररीत शोधता शोधता मला एडवर्ड गुडरिच अ‍ॅचेसन सापडला. आमचंच दुखणं, फक्त शंभर वर्षं आधीचं!

जन्म 1856, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमचीच. 1880 मध्ये तो एडिसनच्या मेन्लो पार्कमध्ये लागला, मग दिवे बसवायला युरोपात गेला. ते असो. खरी गंमत 1891 ची. माती आणि कोक लोखंडी भांड्यात घालून त्याने त्यातून जबरदस्त वीज सोडली. हाती आले चमकणारे स्फटिक, काच कापणारे. हेच कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग व्हीलवर आपण जॉब घासतो ना, तेच. पुढे भट्टी जास्त तापली तेव्हा सिलिकॉन उडून गेला आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट उरलं. म्हणजे घासणारी वस्तू आणि सरकणारी वस्तू, दोन्ही एकाच भट्टीतून! ग्रॅफाइटचं पेटंट 1896 चं. धंद्यात मात्र त्याला जमलं नाही. कार्बोरंडम कंपनी त्याच्या हातातून गेली.

आता ग्रॅफाइट तेलात टाकलं की तळाशी बसणारच. इथे त्याच्या कामी आली बायबलमधली विटांची गोष्ट. इजिप्तमध्ये विटांच्या मातीत पेंढा का घालत? (आपल्या कोकणातही मातीच्या भिंतीत घालतातच की!) त्याने पेंढा उकळून नुसतं पाणी मातीत घातलं, तरी माती बदलली. मग तो टॅनिनकडे वळला. टॅनिन कणांभोवती बसतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. 1906 च्या सुमारास हीच युक्ती त्याने ग्रॅफाइटवर केली. पाण्यातलं ते अ‍ॅक्वाडॅग, तेलात नेलं ते ऑईलडॅग. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला आतून काळा थर असायचा, तोही अ‍ॅक्वाडॅगचाच. 1931 मध्ये अ‍ॅचेसन गेला, सत्तर पेटंटं मागे ठेवून.

टॅनिन म्हटल्यावर आजोबांनी हिरडा सुचवला. दादरहून आणला, काढा केला, त्यात ग्रॅफाइटची पूड ढवळली. सकाळी बराच गाळ खाली बसला होता, पण वरचं पाणी अजून काळंच! आजोबांनी दोन बोटांत चोळून पाहिलं आणि बोटं धोतराला पुसली. आई अजून बोलते त्यावरून. तेलातलं काम बाकी आहे, रिव्ह्यू सोमवारी.