दादाभाई नौरोजी

दादाभाई नौरोजी (४ सप्टेंबर १८२५ – ३० जून १९१७) हे भारतीय अर्थचिंतक, राजकीय नेते व ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य होते. इंग्लंड संपन्न होत असताना भारत दरिद्री का राहतो, या प्रश्नाचा त्यांनी आकडेवारीच्या आधारे शोध घेतला.

जीवन

दादाभाईंचा जन्म पारशी पुरोहित घराण्यात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई यांनी त्यांना वाढवले. मुंबईत शिक्षण विनाशुल्क मिळाले म्हणूनच ते शिकू शकले. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक झाले. १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते लंडनला गेले.

आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त

भारताच्या दारिद्र्याचे खापर त्या काळी अवर्षणावर किंवा वाढत्या लोकसंख्येवर फोडले जाई. दादाभाईंनी आधी उत्पन्न मोजले. सरकारी अहवालांतील पिके व किमती यांवरून १८६७–७० या काळातील दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांनी सुमारे २० रुपये ठरवले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकारचा होणारा खर्च याहून अधिक होता. त्यांच्या मांडणीतील ही सर्वांत भेदक तुलना होय.

भारताची निर्यात आयातीपेक्षा सातत्याने अधिक असे, परंतु त्या वाढाव्याचा मोबदला देशाला मिळत नसे. इंग्रज अधिकाऱ्यांची बचत व निवृत्तिवेतने, लंडनमधील कारभाराचा खर्च आणि कर्जावरील व्याज यांत तो जिरे. इंग्लंडमधील कर तेथेच खर्च होऊन पुन्हा लोकांच्या हाती येत. भारतात तसे घडत नसल्याने भांडवल साठत नसे. बाहेर गेलेला पैसाच परकीय भांडवल म्हणून परत येई आणि त्याचा नफाही बाहेर जाई.

या अंदाजांत सेवांचे उत्पन्न धरलेले नव्हते, त्यामुळे २० रुपयांचा आकडा ढोबळच मानावा लागतो. न्यायमूर्ती रानडे यांनीही १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत खंडणीच्या वादात न अडकता देशी उद्योग उभारण्यावर भर दिला होता.

राजकीय कार्य

१८९२ साली दादाभाई सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अत्यल्प मताधिक्याने निवडून आले. सनदी सेवेची परीक्षा भारतातही घ्यावी, म्हणजे पगाराचा पैसा देशातच राहील, असा त्यांचा आग्रह होता. तसा ठराव १८९३ साली कॉमन्स सभागृहात संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. १८९५ साली नेमलेल्या वेल्बी आयोगावर ते सदस्य होते. १९०१ साली त्यांचे लेखन ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. १९०६ साली कलकत्ता येथे तिसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवताना, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांनी स्वराज्याची मागणी केली.